घाटेअळीचा हिशेब

वाघोली तेव्हा गावच होतं. मी पुण्यात शेतकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि रोज एसटीने जाऊन-येऊन करत होते. त्या हिवाळ्यात आमच्या रानात हरभरा होता. घाटे धरले आणि त्यात अळी दिसली. वडील लगेच औषध आणायला निघाले.

"दादा, थांबा. आधी मोजू तरी," मी वडिलांना म्हटलं.

"अळी हाय ना? मग मोजायचं कशाला?"

मी मीटरभर लांबीची काठी घेऊन रानात शिरले. वीस ठिकाणी काठी ओळीला लावली आणि झाडन् झाड चाळलं. सगळ्या मिळून सहा अळ्या निघाल्या. मी वडिलांना बांधावर बसवून समजावलं, की मीटरमागे निदान एखादी अळी झाल्याशिवाय फवारणी परवडत नाही. एवढ्या अळ्या खाऊन खाऊन जेवढं खातील, त्याहून औषध आणि मजुरी महाग पडते. शिवाय साळुंक्या आणि बगळे फुकट राबतायत, ते वेगळंच.  वडील म्हणाले, "बरं. चार दिसांनी परत मोज. वाढल्या तर मात्र मी ऐकायचो नाय."

चौथ्या दिवशी सहाच्या सात झाल्या होत्या.

पाचव्या दिवशी मी कॉलेजात असताना औषधांचा दुकानदार मोटरसायकलवरून आमच्या रानात आला. वडील बाजाराला गेले होते. त्याने चुलत्यांना दोन पोखरलेले घाटे दाखवले आणि म्हणाला, "पोरीच्या पुस्तकावर रान सोडणार का?" दोन औषधं हातात देऊन ती एकत्र करून मारा, असंही सांगून गेला. चुलत्यांनी उन्हात, वाऱ्याच्या तोंडाला, नाकाला साधं फडकं न बांधता अख्खं रान फवारलं.

मी घरी पोचले तेव्हा ते ओसरीवर आडवे पडले होते. घामाने निथळत होते, तोंडातून लाळ येत होती आणि ओकारी थांबत नव्हती. टेम्पोत घालून त्यांना पुण्याला नेलं. दवाखान्यात दोन दिवस चुलती माझ्याशी बोलली नाही. जणू औषध मीच मारायला लावलं होतं!

तिसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून त्या दुकानात गेले.

"माझ्या चुलत्यांना काय दिलंत? का दिलंत?"

"अहो ताई, अळी होती म्हणून दिलं."

"किती होती? मोजली होतीत?"

तो गिऱ्हाइकांकडे बघून हसला. "मोजत बसलो तर दुकान कधी चालवू? आणि फडकं बांधायला मी यायचं होतं का?"

गिऱ्हाइकंही हसली. ती सगळी शेतकरीच होती. मला दुकानदारापेक्षा त्या हसण्याचाच जास्त संताप आला. काउंटरवर पडलेल्या बाटलीवरची जहाल विषाची लाल खूण मी त्यांना दाखवली आणि खालची बारीक अक्षरं हिंदीतून मोठ्याने वाचू लागले. इंग्रजी, हिंदी, गुजराथीत सगळं छापलं होतं. मराठी नव्हतंच. मी संपेपर्यंत वाचलं. एक म्हातारेबुवा हातातली बाटली ठेवून निघून गेले. बाकीच्यांनी घ्यायची ती घेतली.

चुलते वाचले. हरभरा दरवर्षीसारखाच आला. त्यातून औषधाचा आणि दवाखान्याचा खर्च वजा करा, म्हणजे आम्ही विकत काय घेतलं ते कळेल. त्यावर दुकानदार गावभर सांगत फिरला, "फवारलं म्हणून पीक आलं." आणि लोकांना ते पटलं! माझ्या सात अळ्या कुणाच्या लक्षातही नव्हत्या.

घरी त्या प्रकरणावर बैठक बसली, ती मी एकटी बाजारपेठेत जाऊन भांडले म्हणून. दुकानदाराला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. चुलतेच म्हणाले, "मानूस चांगला हाय, दवाखान्यात नारळपानी घेऊन आलता."

वडील मात्र त्या बैठकीतून मधेच उठले. "ती मोजत व्हती तवा तुमी कुठं व्हता?" एवढंच म्हणाले आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले.