गेला म्हणू नका

"महादेव गेला," असा निरोप घेऊन अकोल्याचा माणूस सकाळच्या गाडीने अमरावतीला आला, तेव्हा मी दुकानात झेंडूचे हार ओवत होतो. मान वर न करताच विचारलं, "कोठी गेला? अन् माही छत्री ठेवून गेला का घेऊन?" मग मी आणखी अक्कल पाजळली. "धारणीच्या जंगलात गेला असन तर तिकडून लवकर वापस येनं होत नाही, बाप्पा!" त्याने माझ्या हातातली सुई अलगद काढून घेतली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्याच रविवारी महादेव आमच्याकडे वांग्याची भाजी रेटून जेवला होता आणि ऊन फार म्हणून माझी छत्री घेऊन गेला होता. वर्गात पोरांना अस्वल करून दाखवताना छातीत कळ आली आणि तो खाली बसला. पोरं टाळ्या पिटत राहिली म्हणे... त्यांना वाटलं, अस्वल मेलं.

महादेव माझा मामेभाऊ. अकोल्याच्या एका शाळेत बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या, पोरांचा मास्तर. हिवाळ्यात गावोगावच्या दंडारीच्या खेळांत नाचायचा, सोंगं घ्यायचा. तीच सोंगं त्याने वर्गात नेली. पोर रागावलं की त्याला घरून आणलेल्या जेवणाच्या पाटावर उभं करून वाघासारखं नाचवायचा, घाबरलं की सशासारखं. पाटाखाली पोकळी, त्यामुळे पाय आपटले की वर्ग दणाणायचा. अन्नाच्या पाटाला पाय लावतो म्हणून लोक नावं ठेवायचे. एकदा तपासणीला आलेले डिपटीसाहेब कडाडले, तर हा म्हणतो कसा, "तुमच्याबी पोटात वाघ दिसते, सायेब. या, पाट रिकामा करतो." त्यानंतर त्याची नोकरी कशी टिकली, देव जाणे!

आमची आई वारली तेव्हा माझी मुलगी सुमी लहान होती. आजी रिद्धपूरच्या यात्रेला गेली, असं आम्ही तिला सांगून टाकलं. पोरगी रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसायची, आजी आल्याशिवाय जेवायची नाही. महादेव आला आणि माझ्यावरच उखडला. "काहून खोटं सांगून राहिला पोरीले? गेलेलं मानूस वापस येते. मेली म्हन." मग तो जमिनीवर आडवा झाला. सुमीने हलवलं, गुदगुल्या केल्या, मिशी ओढली. पठ्ठ्या हलला नाही. शेवटी ती भेदरली, तसा उठून बसला आणि म्हणाला, "मी सोंग केलं, म्हनून उठलो. आजीचं सोंग नाही, माय." सुमी पाटावर चढली. पाय आपटत, ओरडत, रडत नाचली, आणि हाही खाली तिच्यासंगं नाचला. त्या रात्री ती दीड भाकर जेवली.

आता सुमी मोठी झाली आहे. तिला मी सांगितलं, "महादेवकाका गेले." तिने सरळ विचारलं, "गेले का मेले?" मी पाणी प्यायला उठलो.

परवा छत्री परत आली. तिची मोडकी काडी त्याने तारेने बांधून ठेवली होती. भेटायला येईल त्याला मी दुकानातला माझा मूर्खपणा रंगवून सांगतो, आणि "महादेव गेला" म्हणतो. लोक हसतात, मीही हसतो. डोळे कोरडे ते कोरडेच... काल पाहुणे निघून गेल्यावर बायकोने स्वयंपाकघरात पाट मांडला. मी सवयीने बसलो. पुढे ताट नव्हतं.

"बसू नका, उभे राहा," ती म्हणाली. "सुमी शेजारी गेली आहे. मेला म्हना एकदाचं, अन् आपटा पाय... मी दार लावून घेते."