पाखरूचाचांचा रिकामा पिंजरा

पाखरं विकणारा माणूस पाखरं न विकण्याबद्दल प्रसिद्ध असावा, हे आमच्या कारंजा गावातच घडू शकतं. पाखरूचाचांचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. पोटासाठी ते भांड्यांना कल्हई करायचे आणि जिवासाठी पाखरं ठेवायचे. एका खांद्यावर भाता, दुसऱ्या खांद्यावरच्या काठीला दोन-तीन पिंजरे, अशी त्यांची स्वारी गल्लीत शिरली की बायका पातेली घेऊन धावायच्या. पातेलं तिथल्या तिथे चकचकीत होऊन मिळायचं. पाखरू मागितलं की मात्र चाचा भाता बाजूला ठेवत, मागणाऱ्याला नखशिखान्त न्याहाळत आणि बहुधा नाही म्हणत.

इंझोरीच्या एका देशमुखांना बोलका पोपट हवा होता. ते त्यासाठी खास बैलांची दमणी जुंपून आले आणि पोपटाने काय काय बोलायला हवं हे समोरचा चहा थंड होईपर्यंत सांगत बसले. चाचांनी सगळं अदबीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालक, तुमी घरी असल्यावर पोपटाले बोलाले वेळ कवा भेटन?" देशमुख रागाने लालबुंद होऊन निघून गेले. आठवड्याने राग उतरल्यावर हसत हसत परत आले, तरी पोपट काही मिळाला नाही. कबुतरं मिळाली. कबुतरं कोणाचंही ऐकून घेतात असं चाचांचं मत होतं.

ज्याने जन्मात कधी पाखरू पाळलं नाही त्याच्यासाठी तर त्यांचा रिवाजच वेगळा होता. आधी ते घर बघायला येत. मुलगी द्यायची असल्यासारखं ऐसपैस बसून चौकशी करत. मांजर कोणाची, ऊन कुठून येतं, घरात पहाटे पहिल्यांदा कोण उठतं, रागीट कोण. घर पसंत पडलं तर हातात द्यायचे रिकामा पिंजरा. त्यातलं पाणी रोज बदलायचं, दाणे टाकायचे, पिंजरा सकाळी कोवळ्या उन्हात टांगायचा, मांजर फिरायच्या आत उचलून आणायचा. चाचा मधूनच न सांगता येऊन वाटीत बोट बुडवून बघायचे. पाणी शिळं निघालं की पिंजरा काखोटीला मारून चालते व्हायचे. भलेभले व्यापारी त्या वाटीपायी त्यांच्यासमोर शाळकरी पोरांसारखे उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

आमच्या घरी चाचा आले ते मामंजींमुळे. माझे हे सासरे, साऱ्या गावाचे भाऊ, कापसाच्या बाजारात अडत्या होते, आणि त्यांचा आवाज म्हणे बाजारातून गावाच्या वेशीपर्यंत ऐकू यायचा. सासूबाई गेल्या आणि तो आवाजच घरातून गेला. ताटात वाढलं की "हं", आणखी वाढलं की "नको", एवढीच काय ती आमची बोलणी. बाजारही सोडला. वर्ष होत आलं तरी तेच. माणूस असा आतल्या आत विझत चालला तर आपण त्याला गमावून बसू, ही भीती ह्यांना आणि मला, दोघांनाही होती, फक्त ती आम्ही एकमेकांना सांगत नव्हतो. शेवटी ह्यांनीच ठरवलं की बाबांना पोपट आणायचा. पोपट बोलेल, मग बाबा बोलतील, असा सरळ हिशेब.

चाचा ओसरीवर बसले. मामंजी भिंतीकडे बघत होते. मी दाराआड पदर सावरून उभी. मांजर, ऊन, राग असे सगळे सवाल झाले. मग ह्यांनी पोपटाचं नाव काढलं तसे चाचा नाही अशी मान हलवू लागले. आम्हाला वाटलं, झालं, आता कबुतरं. चाचा हळू आवाजात ह्यांना म्हणाले, "पोपट एकाच मानसाचा होते, अन् जगते लय वर्सं. भाऊ उद्या गेले तं तो मांगं एकटाच राहीन. एकटं राह्यनं काय असते ते भाऊले पुसा. मंग पाखराले कायले तेच देता?"

मामंजींनी त्या दिवसात पहिल्यांदा मान वळवली. चाचांनी त्यांच्या मांडीजवळ रिकामा पिंजरा ठेवला आणि पहिल्यांदा पाखरू पाळणाऱ्या कोणालाही सांगायचे तेच सांगून गेले, की आधी हाताला सवय होऊ द्या, पाखराचं मग बघू.

पहिले दोन दिवस पिंजरा जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी सडा घालायला बाहेर आले तर मामंजी वाटी घासत होते. मग हे रोजचंच झालं. एवढे भारदस्त गृहस्थ, धोतराचा सोगा सावरत रिकामा पिंजरा उन्हात टांगताहेत, जरा मागे सरून बघताहेत, पुन्हा वीतभर सरकवताहेत. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. कोणी विचारायचं, भाऊ, पाखरू उडालं का? मामंजी लक्ष द्यायचे नाहीत. टाकलेले दाणे चिमण्या खाऊन जायच्या, तर आता त्यांना हाकलायला ते काठी घेऊन बसू लागले.

आणि एक दिवस ते पिंजऱ्याशी बोलताना सापडले. आज बाजारात गाड्या किती असतील, कोणता अडत्या लबाड, असं बरंच काही ते त्या रिकाम्या दांडीला ऐकवत होते. हे घाबरले. मीही घाबरले. धावत जाऊन वैद्यबुवांना आणलं. वैद्यबुवांनी नाडी धरली तर मामंजी अगदी गंभीरपणे म्हणाले, "मले काय धाड भरली? याले पहा. सकाळपासून दाना खाऊन नाही राह्यला." आणि पिंजरा पुढे केला. वैद्यबुवांनी पिंजऱ्यात बघितलं, मामंजींकडे बघितलं आणि पुडी द्यायचीही विसरून घाईघाईने वहाणा चढवल्या.

आम्ही दोघं रडकुंडीला आलो होतो. चाचांना निरोप धाडला की तुमच्या पिंजऱ्याने आमच्या बाबांना वेड लागलं. चाचा भाता खांद्यावर तसाच ठेवून आले, सगळी हकीकत ऐकली आणि ओसरीवर मांडी थोपटत इतके हसले की शेजारच्या बाया डोकावू लागल्या. "अरे, येड नाही लागलं, मस्करी करून राह्यले भाऊ," ते म्हणाले. तेव्हा कुठे आम्ही मामंजींकडे नीट बघितलं. ते मिशीतल्या मिशीत हसत होते. घरात इतक्या दिवसांनी विनोद झाला होता आणि आम्ही त्याच्यासाठी वैद्य बोलावला होता.

दुसऱ्याच दिवशी चाचा लाल मुनिया घेऊन आले. बोटाएवढी पाखरं, अंगावर पांढरे ठिपके, आणि एक-दोन नाहीत, चांगली सहा-सात. पहिल्यांदा पाळणाऱ्याला हीच बरी, चाचांनी समजावलं. मूठभर राळ्याचे दाणे पुरतात, शिकवावं काही लागत नाही आणि त्यांची त्यांना सोबत असते, माणूस नसला तरी झुरत नाहीत. या पाखरांना दांडीवर अंगाला अंग लावून बसायची सवय. कडेच्याला नेहमी मधे बसायचं असतं, तो वरून उडी मारून मधे घुसतो की दुसरा कडेला जातो, मग त्याची उडी. दिवसभर हाच गोंधळ. मामंजींना तो बाजारातल्या भांडणांसारखाच वाटला असावा. ते तावातावाने न्यायनिवाडा करू लागले. बघता बघता ते शेजाऱ्यांशी बोलू लागले, माझ्या भाजीला नावं ठेवू लागले, बाजारातही जाऊ लागले. नावं ठेवली की मला फार बरं वाटायचं. एकच विषय ते टाळायचे. सासूबाईंचं नाव कोणाच्या तोंडून निघालं की उठून पिंजऱ्याकडे जायचे.

चाचा अधूनमधून यायचे, सवयीने वाटीत बोट बुडवायचे आणि मामंजींशी तासन्‌तास गप्पा मारायचे. कल्हईसाठी काढलेली माझी पातेली तशीच पडून राहायची. पाखरं देणं कमीच झालं होतं. मी एकदा विचारलं, चाचा, अशाने तुमचं कसं चालायचं? ते म्हणाले, "सूनबाई, पाखरं तं समदीच चांगली असतात. मानूस पाहाले वेळ लागते."

एका उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि चाचा गेले. मामंजींनी खांदा दिला. कबरस्तानातून परत आले, आंघोळ केली आणि कोणाशी न बोलता पिंजऱ्यासमोर जाऊन बसले. मला वाटलं, आता पुन्हा "हं" आणि "नको" सुरू होणार, आणि या वेळी पिंजरा आणून द्यायला कोणी उरलं नाही. मी ताट नेऊन ठेवलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बस सूनबाई."

मग ते बोलायला लागले. चाचा देशमुखांना काय म्हणाले, कोणाच्या घरून पिंजरा कसा उचलून आणला, सगळं. हेही येऊन बसले. दिवे लागले तरी मामंजी थांबेनात. आणि बोलता बोलता चाचांवरून ते सासूबाईंवर केव्हा आले, आम्हाला कळलंच नाही. लग्नानंतर सासूबाईंना माहेराहून, किन्हीराजाहून आणताना वाटेत नदीवर बैलांना पाणी दाखवायला थांबले होते म्हणे. नवी नवरी, पदर हनुवटीपर्यंत, ती चुकून दुसऱ्याच्याच दमणीत जाऊन बसली. दमणी निघालीसुद्धा. बऱ्याच अंतरावर गेल्यावर तिने एकदम आरडाओरडा करून गाडी थांबवली. गाडीवाल्याने विचारलं, बाई, न बघता तुला कसं कळलं? तर म्हणाली, "हा मानूस कवाचा गप्प बसून हाय. आमचा मानूस येवढा गप्प राहूच शकत नाही."

हे सांगताना मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला आत गेले आणि माठाजवळ जरा जास्तच वेळ उभी राहिले.