लेकीला बसता येईल असं हॉटेल

आमचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. ती आईबरोबर दौंडला आजोळी गेली आणि मी शिरूरला, कंपनीतल्या तिघांबरोबर एका खोलीत राहायला लागलो. दर रविवारी अकरा ते चार ती मला भेटेल, असं कोर्टात ठरलं. आमच्या खोलीत तिला नेण्यासारखं काही नव्हतं. दोरीवर चौघांचे कपडे, खाली गाद्या आणि रात्रपाळीहून आलेला कोणीतरी कायम झोपलेला. आजोळी मला कोणी या म्हणणार नव्हतं. म्हणून हॉटेल.

पहिल्या रविवारी तिला कुरकुंभच्या बाजूला एका ढाब्यावर नेलं. तिथलं मटण नावाजलेलं होतं, पण रस्सा इतका जहाल की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावर भरदुपारी बाटल्या उघडल्या होत्या. तिनं अर्धी भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर खाल्ली आणि खाली बघत म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला आजीकडं सोडता का?"

तेव्हा साडेबारा वाजले होते. पण मला लागलं ते 'तुम्ही'. तोवर ती मला अरे-तुरे करायची. कोणी शिकवलं होतं की तिचं तिलाच तसं वाटलं, ते मी विचारलं नाही. तिला सोडून आलो.

त्यानंतर मी हॉटेलं शोधायला लागलो. रविवारचा दिवस मोकळा मिळावा म्हणून रात्रपाळी मागून घेतली होती. गुरुवारच्या सुट्टीला मोटारसायकल काढायची, न्हावऱ्यावरून पारगाव, चौफुला, कधी थेट यवतपर्यंत जायचं आणि दिसेल त्या हॉटेलात शिरायचं. चवीचा मुद्दा लवकरच मागं पडला. मी आधी बायकांचं टॉयलेट कुठं आहे ते विचारायचो. मुलीबरोबर मला आत जाता येणार नव्हतं. त्यामुळं आतून कडी लागते का, पाणी असतं का, दिवा चालतो का, हे आधीच बघून ठेवावं लागायचं.

एका मॅनेजरनं मला दारातच अडवलं. "ओ, लेडीज हाय ते. तुमचं काय काम?"

"रविवारी मुलीला आणायचंय."

"मग तिच्या आईला घिऊन या की."

मी चहा न पिताच निघालो.

चौफुल्याजवळच्या एका हॉटेलात तिला पनीर आवडलं, पण रविवारी तिथं माणसं खुर्चीमागंच उभी राहायची. जेवण होताच वेटर बडीशेप आणून ठेवायचा. मग चार वाजेपर्यंत आम्ही रस्त्याकडेला लिंबाखाली गाडीवर बसून राहायचो. दुसरीकडं झोपाळा होता, बाग होती. तिथं एका मुलाचा वाढदिवस चालला होता आणि त्याचे आई-बाप त्याला दोन्ही बाजूंनी केक भरवत होते. ती झोपाळा सोडून ते बघत उभी राहिली. तिथं मी तिला पुन्हा नेलं नाही.

शेवटी कासुर्डीजवळ एक हॉटेल सापडलं. सहा टेबलं होती. नवरा-बायको दोघंच चालवायचे. बाई पन्नाशीच्या होत्या. मी भीतभीत विचारलं, "मुलगी तीन-चार तास बसली तर चालंल का, मावशी?"

"बसू द्या की. टेबल काय पळून चाललंय व्हय?"

तिथली धपाटी आणि दही तिला आवडलं. ती दप्तर घेऊन यायला लागली. अभ्यास करायची, चित्रं काढायची, मी समोर बसून बघायचो. एका रविवारी वहीतून मान वर न करता ती म्हणाली, "पप्पा, तुझं दही संपलं. माझं घे." मी तिची वाटी माझ्याकडं ओढली.

मावशींनी एकदा सहज तिला विचारलं, "आई कवा येत न्हाई गं?"

"आईला रविवारी ड्युटी असते," ती लगेच म्हणाली.

तिची आई घरीच शिवणकाम करायची. माझी लाज राखायला एवढीशी पोर खोटं बोलली होती.

तिचं अकरावं वर्ष सरत आलं तेव्हा तिनं विचारलं, "पप्पा, आपण नेहमी हॉटेलातच का बसतो?"

"तुला आवडत नाही?"

"आवडतं. पण तू राहतोस कुठं ते मला माहीतच नाही. मैत्रिणीनं विचारलं, तुझ्या पप्पांचं घर कसंय. मी सांगितलं, दोन खिडक्या आहेत."

दोन वर्षं मी गावोगाव हॉटेलं धुंडाळत होतो आणि तिला हवं होतं ते माझं घर. महिन्याभरात मी शिरूरला स्वतंत्र खोली घेतली. एकाच खिडकीची मिळाली. गॅस आणला, लाकडी टेबल आणलं. कुकर लावायला शिकलो. दोन-तीनदा भात लागला, मग जमला.

तिला न्यायचं ठरवलं त्याच आठवड्यात तिच्या आईचा फोन आला.

"मी लग्न करतेय. नाशिकला जावं लागंल. शाळाही तिकडंच घेतलीय."

"तिला विचारलंस?"

"तिला आवडतात ते. चांगले आहेत. दिवाळीला आणि मे महिन्यात पाठवीन तुमच्याकडं."

तिच्या आवाजात राग नव्हता. भांडायला मला काही सापडलं नाही.

शेवटच्या रविवारी बांधाबांध चालली होती, म्हणून दोनच तास मिळाले. शिरूरला जाऊन यायला तेवढ्यात जमत नव्हतं, कासुर्डीलाही नाही. दौंड स्टेशनबाहेरच्या पहिल्याच हॉटेलात बसलो. इडली गार होती, सांबारात नुसतं तिखट. तिनं सगळं संपवलं. खोलीचं मी सांगितलं नाही, तिला जायला जड जाईल म्हणून. आजोळच्या कोपऱ्यावर उतरताना ती म्हणाली, "जेवत जा नीट." मग आत पळाली.

दिवाळीत तिला सर्दी-ताप होता. मे महिन्यात ते सगळे कुठंतरी फिरायला गेले. जूनमध्ये एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. केस कापले होते, उंच दिसत होती.

"कुठं बसलायस?"

"घरी."

"दाखव ना."

मी फोन फिरवला. खाट, गॅस, खिडकी, खिडकीबाहेर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी.

"ते टेबल कोणाचं?"

"तुझं. अभ्यासाला."

ती हळूच म्हणाली, "कधी घेतलंस?"

"आत्ताच, या महिन्यात," मी म्हणालो.

तिकडं कोणीतरी तिला जेवायला हाक मारली. एका पुरुषाचा आवाज होता, मायेचा. "आले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.