उजव्या पायातलं जोडवं

आईचा उजवा घोटा मोडला तेव्हा वडील बीडला कोरोनाच्या वॉर्डात ऑक्सिजनवर होते. गोठ्यात शेणावरून पाय घसरायचं निमित्त झालं. गेवराईत प्लास्टर घालून त्याच दिवशी आम्हाला घरी लावून दिलं. डॉक्टर म्हणाले, आता इकडं येऊ नका, व्हिडिओ कॉलवर पाय दाखवा. बोटं सुजतील, घरी गेल्या गेल्या साबण लावून जोडवं काढा, असंही बजावलं.

आईनं ते काढलं नाही. "तुझा बाप तिथं नळीवर हाय, अन् म्या जोडवं उतरवू? येड लागलं का तुला?" मी ओरडलो, पाया पडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या दिवशी बोटं टम्म सुजली. घरात रेंज नव्हती, म्हणून मी आणि बायकोनं बाज उचलून आईला खळ्यावर नेलं. डॉक्टरांचा चेहरा दिसायचा, थिजायचा, पुन्हा दिसायचा.

"बोटं जवळून दाखवा. जोडवं काढलंत ना?"

आईनं पदराचं टोक बोटांवर टाकलं आणि माझ्याकडं पाहिलं. जन्मात कधी तिनं मला असं विनवलं नव्हतं. मी म्हणालो, "काढलं, डॉक्टर." आणि मोबाइल नुसता अंगठ्यावर धरला. "ठीक आहे, पाय उशीवर ठेवा," एवढं ऐकू आलं आणि कॉल तुटला. झेडपीच्या शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारा मी! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोन दिवसांनी बोट काळं पडलं. मी रडत फोन लावला, खरं ते सांगितलं.  डॉक्टर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता आणा." जोडवं कापून काढलं, पण उशीर झाला होता. बोटही गेलं.

महिन्यानं वडील घरी आले, नुसती हाडं उरलेली. आईच्या पायाकडं बघून माझ्यावरच खेकसले, "काढायचं न्हाई का बे ते? म्या काय जोडव्यावर जगत व्हतो?"

आई बाजेवरून हसली. "आलात का न्हाई घरी?"

 ती आजही लंगडत चालते आणि आपण जिंकलो असंच समजते. तसं नाही, जोडवं कापल्यावरही वडील जगलेच, हे तिला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.