मेलेलं नाक

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. दादाला तर नाहीच. तुम्ही ना गावचे, ना भावकीतले, म्हणून जीभ जरा सैल सुटतेय. नाहीतर इतकी वर्षं दातांमागे दाबलेली गोष्ट आज तरी कशाला बाहेर आली असती?

आधी नाकाचं सांगतो. आम्ही विट्याकडची गलाईवाली माणसं. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं, हा धंदा. माझं दुकान पार बंगालात. तेजाबाचा धूर रोज नाकात गेला की हळूहळू वास येईनासा होतो. गावात आमच्यावर चेष्टाच आहे, गलाईवाल्याला विटलेली आमटी वाढा, ताजी म्हणून भुरकेल. माझंही नाक असंच मेलेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण कोरोनात दुकान बंद पडलं आणि मी गावी येऊन राहिलो. कित्येक महिने धूर नाही. मग एका सकाळी वहिनी चुलीवर चटणीसाठी कारळं भाजत होती, आणि तो खमंग वास मला आला. खरंच आला. मी उठून गोठ्यात गेलो आणि म्हशीच्या आडोशाला उभा राहून रडलो. कुणाला सांगितलं नाही. पन्नाशीच्या माणसानं चटणीच्या वासासाठी रडावं — हे सांगायचं तरी कसं?

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची, दादाची बायको. तिला मूल झालं नाही. माझी अश्विनी तिनंच वाढवली, कारण मी आणि बायको परमुलखात. पोरीची वेणी, शाळा, आजारपण, सगळं तिच्या हातून झालं. मी नुसता यात्रेला खाऊ घेऊन येणारा बाप. वहिनीला दमा होता. हेही मला माहीत होतं, ते लपवत नाही.

अश्विनीचं लग्न ठरलं ते साथीच्या दुसऱ्या वर्षी. घरच्या अंगणात, मोजक्या माणसांत. लग्नाच्या आदल्या सकाळी मी आल्याचा चहा तोंडाला लावला — वास नाही. फडताळातली हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. तेव्हा घरोघरी असंच बघायचे. काहीच नाही. अंगात कणकणही होती. आता मला कळलं नव्हतं असं म्हणू? लख्ख कळलं होतं.

दुपारी आरोग्य केंद्राची आशाताई आली. लग्नघर म्हणून एकेकाला विचारत होती — ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. माझी पाळी आली, आणि मी तोंड उघडायच्या आत वहिनीच हसली.

"आवं ताई, भावजींचं नाक तेजाबानं कवाच मेलंय. त्यांस्नी काय इचारताय?"

आशाताई हसली. मीही हसलो. एवढंच केलं मी. खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. ते वहिनीनं आणून हातात ठेवलं आणि मी घेतलं. खरं बोललो असतो तर मला शाळेच्या खोलीत नेऊन ठेवलं असतं, आणि कन्यादान दादा-वहिनींनी केलं असतं. ते मला नको होतं. जन्मभर पोरीला पाहुण्यासारखा भेटलो, हा एक मान तरी माझा असावा, असं वाटलं. पण तो मान होता कुणाचा? वाढवली कुणी होती?

लग्न झालं. पोरगी गाडीत बसून गेल्यावर वहिनी आणि मी एकाच पायरीवर बसून रडलो. एकाच तांब्यातलं पाणी प्यालो.

मला थोडा ताप येऊन गेला. वहिनीला मात्र धाप लागली. मिरजेला न्यायला गाडी आली, तेव्हा मी तिला धरायला पुढे झालो. तिनं तोंडावर पदर दाबला.

"भावजी, लांब ऱ्हावा. माझ्यापास्नं तुमाला लागंल."

ती परत आली नाही. तिचं तोंडही आम्हाला पाहायला मिळालं नाही.

मग रोग आणला कुणी, याचा शोध सुरू झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बोट गेलं कासारणीकडे. चुडा भरताना तिनं वहिनीचा हात हातात धरला होता ना. दादाच पहिल्यांदा तसं म्हणाला आणि मी गप्प बसलो. आज मास्क गेले, सारखे हात धुणं गेलं, लोक पुन्हा मांडीला मांडी लावून जेवतात. पण त्या बाईला आमच्या गल्लीत अजून कुणी ओट्यावर बसवत नाही. बायका बांगड्या विट्यातून भरून येतात. एवढी एक सवय मात्र कुणी सोडली नाही, आणि माझ्या एका शब्दानं ती सुटली असती.

आमच्या घरात आणखी एक राहिलंय. कुणाला साधं पडसं झालं तरी हिंगाची डबी निघते आणि सगळ्यांच्या नाकापुढून फिरते. अश्विनी माहेरी आली की ती फिरवते. दादापुढे धरते, आईपुढे धरते, आपल्या लहानग्यापुढे धरते. माझ्यापाशी आली की तशीच पुढे जाते.

"आप्पांचं नाक कवाच मेलंय," म्हणते. अगदी वहिनीच्या आवाजात.

दुकान मी पुन्हा उघडलंच नाही. तिनं स्वयंपाकघरात झाकण काढलं, की इथे ओसरीवर बसल्या जागी मला हिंगाचा वास येतो. चांगला उग्र येतो.

मी हसतो.