दहाच्या दहा फॅन चालू होते

स्क्रीनवर बावीस डिग्री दिसत होतं आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मे महिना, दुपारचा एक. जळकोटच्या शिवारात तेव्हा सावलीतही उभं राहवत नाही.

मी ब्रॉयलर कोंबड्यांच्या बंद शेडवर काम करते. शिक्षण चौथी. शेडच्या एका टोकाला पाण्यानं भिजलेले जाड पुठ्ठ्यासारखे पॅड असतात, दुसऱ्या टोकाला माणसाएवढे दहा फॅन. फॅन आतली हवा बाहेर ओढतात, तिच्या जागी पॅडमधून गार हवा येते. गरमी वाढली की सेन्सर आपोआप फॅन वाढवतो. त्या दिवशी सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली होती. मशीनला वाटलं गार आहे. दोनच फॅन फिरत होते.

कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या. दोन-दोन किलोच्या झाल्या होत्या. परवा त्यांना न्यायला गाडी येणार होती.

हात पदराला पुसला, ओल्या बोटाचं स्क्रीन ऐकत नाही. ‘ऑटो’ काढून ‘मॅन्युअल’ केलं. एकेक फॅन दाबला. मध्ये थांबावं लागतं, सगळे एकदम लावले की मेन स्विच पडतो. दहावा लागला तशी शेडच्या मधोमध मी बांधलेली चिंधी आडवी उडायला लागली. आत वारा आहे का, ते मी तिच्यावरून बघते.

तेवढ्यात मालक दत्ता आला. वडिलांच्या जाळीच्या उघड्या शेडमध्ये वाढलेला.

“चाची, गुदमरून मारता काय यांना? दारं उघडा की!”

“नको, मालक. फॅन दारातलीच हवा ओढतील. पॅडकडून कायबी येणार न्हाय.”

“लई शिकलात तुम्ही! कोंबड्यांत जन्म गेला माझा.”

फॅनजवळची दोन्ही दारं त्यानं स्वतः उघडली. दारात भन्नाट वारा सुटला. “बघा, कसं गार वाटतंय,” म्हणाला आणि तिथंच उभा राहून इंजिनिअरला फोन लावू लागला.

आत चिंधी लोंबायला लागली.

“मालक, चिंधी पडली.”

“चिंधीचं काय घेऊन बसलात? स्क्रीनवर दहाच्या दहा हिरवे हायेत ना?”

होते. मी दारांना हात लावला नाही.

पॅडकडच्या कोंबड्या आधी बसल्या, मग कुशीवर पडल्या. वीस मिनिटांनी मी न विचारता दारं लावली. चिंधी उडाली. तोवर निम्मं शेड मेलं होतं.

संध्याकाळपर्यंत खड्ड्यात टोपल्या ओतल्या. कंपनीचा डॉक्टर आला. म्हणाला, “फॅन तर सगळे चालू होते. मग?”

“सेन्सर गेला, साहेब,” दत्ता म्हणाला. ते खोटं नव्हतं. डॉक्टरनं तेच लिहून घेतलं. मीही तोंड उघडलं नाही.

नवा सेन्सर बसला. दारांना कुलूप लावा, असं मी म्हटलं, ते राहिलं.

मॅन्युअलवर फॅन लावायला कोणालाही एका दिवसात जमतं. बाकी धडा एवढाच, की आधी दार लावावं, मग बोलणी खावीत. तो मला त्या दिवशी सकाळीही माहीत होता.