तारेखालची रांग

एदेल्मिरा बार्रियाच्या कोंबडीनं एक अंडं कमी दिलं, तरी तिची नजर आधी कुंपणापलीकडे जायची. चिलीतल्या चिलोए बेटावर संशयी बायकांना तोटा नाही. पण हिचा संशय घरात मावत नसे, गावभर हिंडून यायचा.

पलीकडे बेलार्मिनो राहायचा. तो तिच्या लेकीचा धर्मपिता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. दोघांच्या कुरणांमध्ये आजोबांनी कुंपण म्हणून लावलेली ब्लॅकबेरीची जाळी भलतीच माजली होती. एका उन्हाळ्यात एदेल्मिरानं मिंगा बोलावली. सगळं गाव फुकट राबलं, तिच्याकडे पोटभर जेवलं. बेलार्मिनोच्या बैलांनी मुळं उपटली. जाळी गेली तशी एदेल्मिराची झोपही उडाली. आता हद्द कुठली? तिनं लगोलग खांब रोवून तार ताणली.

पुढच्या वसंतात त्या तारेखाली ब्लॅकबेरीची रोपं वर आली. अगदी रांगेत.

"रान कधी ओळीत उगवतं का गं?" ती लेकीला, निएवेसला म्हणाली. "लावलीत त्यानं! जाळी पुढे सरकवत माझं कुरण गिळायचंय मेल्याला."

"आई, धर्मपिता आहे तो माझा."

"म्हणूनच त्याला वाटतं, मी गप्प बसेन."

मिंगाला बोलवायचं तर दारी जाऊन विनवावं लागतं. पुढची दोन वर्षं ती सगळ्यांच्या दारी गेली, बेलार्मिनोचं दार तेवढं टाळलं. बैलांवाचून मुळं जमिनीतच राहिली. कापलेल्या फांद्या दुप्पट फुटल्या, टोकं जमिनीला टेकतील तिथं रुजल्या. कुरण निम्मं गेलं. एक कोकरू काट्यांत अडकून मेलं. तेही तिनं बेलार्मिनोच्याच माथी मारलं.

या उन्हाळ्यात फळं पिकून काळी झाली, तशी ती पहाटेच तारेजवळ दबा धरून बसली. तारेखाली बी टाकणारा चोर आज हाती सापडणार होता.

बेलार्मिनो काही आला नाही. कस्तूर पक्षी आले, फळांवर तुटून पडले आणि पोट भरल्यावर तारेवर ओळीनं बसले. थोड्या वेळानं एदेल्मिराच्या बाहीवर टपकन काहीतरी पडलं. जांभळी विष्ठा, आणि तिच्यात बारीक बिया. तिनं वर तारेकडे पाहिलं, मग खाली रोपांकडे. तार तिनंच ताणली होती. शरमेनं तिचे कान तापले.

बटाट्याच्या गरम भाकऱ्या फडक्यात बांधून ती बेलार्मिनोच्या दारात उभी राहिली.

"कोंपाद्रे, उद्या मिंगा आहे. विनवायला आलेय."

त्यानं तिच्या बाहीवरचा डाग पाहिला आणि नजर वळवली.

"बैल तयार आहेत. दर मिंगाला जुंपून दारात बसायचो, कोमाद्रे. संध्याकाळी सोडायचो."

"मग आला का नाहीत?" तिचा आवाज अजून संशयीच होता.

"न विनवता कसा येणार?"

एदेल्मिरानं फडकं पुढे केलं.